शहरालगतच्या शेतजमिनीचे भूखंड व त्यांतील रस्ते

शहर वाढू लागले म्हणजे त्याच्या कडेच्या गावांतील शेतजमिनीला एकाएकी नवे मोल येते. कालपर्यंत एकराने बोलली जाणारी जमीन आज गुंठ्याने विचारली जाते. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, रस्त्याच्या कोपऱ्यावर फलक उभा राहतो, आणि पुढील हंगाम येण्यापूर्वी इसार पावत्या होऊन जातात. शेतकऱ्याच्या आयुष्यात असा व्यवहार बहुधा एकदाच होतो. पीक बुडाले तर पुढील वर्षी पुन्हा पेरता येते; परंतु चुकीच्या रीतीने कापलेली जमीन पुन्हा शेत होत नाही, आणि तिच्यावर धड वस्तीही होत नाही. म्हणून जमिनीचे भूखंड पाडण्याचे व त्यांत रस्ते काढण्याचे नियम काय आहेत आणि ते कशासाठी आहेत, हे शहरालगतच्या प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

रस्त्यांना नियम का लागले

रस्ता किती रुंद सोडावा हे सरकारने का सांगावे, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर मुंबई शहराच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील वाड्या व बागायती जमिनी मालकांच्या सोयीप्रमाणे तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या. दोन घरांमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ राहिली. खोल्यांत उजेड नाही, हवा नाही, सांडपाण्याला वाट नाही, अशी दाट वस्ती उभी राहिली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा या वस्त्यांत माणसे मोठ्या संख्येने दगावली. त्यानंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंगा भागात आधी रस्ते व मोकळ्या जागा आखून मग वस्ती वसविली.

त्या कामातून एक साधा धडा मिळाला. उभी घरे पाडून रस्ता काढावयाचा तर घरे, पैसा व मनस्ताप या तिन्हींची किंमत द्यावी लागते; मोकळ्या रानात रस्ता सोडावयाचा तर फक्त जमीन सोडावी लागते. म्हणून घरे होण्यापूर्वीच रस्ते आखले जावेत, या हेतूने १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याची जागा १९५४ च्या कायद्याने घेतली व पुढे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आला. याच अधिनियमाखाली डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. आज भूखंड व रस्ते यांची मोजमापे प्रामुख्याने या नियमावलीतून ठरतात.

परवानगीचे टप्पे

शेतजमिनीचे भूखंड पाडण्यापूर्वी तीन निरनिराळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. त्यांची गल्लत केल्यामुळे बहुतेक फसवणुकी होतात.

पहिली गोष्ट जमिनीच्या हक्काची. सातबारा उताऱ्यावर सर्व हिस्सेदारांची नावे आहेत काय, वारसांची नोंद झाली आहे काय, बोजा आहे काय, आणि जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे प्रथम पाहावे. वर्ग २ च्या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीच्या वापराची. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ती जमीन निवासी विभागात आहे की शेती विभागात, तिच्यातून नियोजित रस्ता जातो काय, तिच्यावर शाळा, बाजार, उद्यान असे काही आरक्षण आहे काय, हे झोन दाखल्यावरून व नकाशाच्या भागावरून कळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये २०१४ नंतर ज्या सुधारणा झाल्या, त्यांनी अकृषिक वापराची रीत बरीच सोपी केली. आराखड्यात निवासी दाखविलेल्या जमिनीस, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीस, पूर्वीसारखे स्वतंत्र परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. ठरलेली रक्कम भरली म्हणजे पुरते.

तिसरी गोष्ट रेखांकनाची, ज्यास व्यवहारात लेआउट म्हणतात. कोणता भूखंड कोठे, किती लांबी-रुंदीचा, रस्ता कोठून व किती रुंद, मोकळी जागा कोणती, हे दाखविणारा नकाशा म्हणजे रेखांकन. तो परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता यांच्याकडून तयार करून घ्यावा लागतो. नगरपालिका व महानगरपालिका यांच्या हद्दीत ती संस्था तो मंजूर करते. ग्रामीण भागात नगररचना खात्याच्या अभिप्रायाने जिल्हाधिकारी, आणि प्रदेश विकास प्राधिकरण असेल तेथे ते प्राधिकरण, मंजुरी देते. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. त्यानंतर भूमि अभिलेख खात्याकडून नकाशाप्रमाणे जागेवर मोजणी होऊन हद्दी कायम होतात, आणि मग अंतिम मंजुरी दिली जाते.

येथे एक गोष्ट ठळकपणे ध्यानात ठेवावी. जमीन अकृषिक झाली म्हणजे रेखांकन मंजूर झाले असे होत नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजेही रेखांकनाची मंजुरी नव्हे. नमुना आठच्या उताऱ्यावर घराची नोंद होऊन घरपट्टी सुरू झाली, तरी तेवढ्याने बेकायदेशीर भूखंड कायदेशीर होत नाही. ती केवळ कर आकारणीची नोंद असते.

रस्ता किती रुंद व मोकळी जागा किती

निवासी रेखांकनातील अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते. सर्वसाधारण रेखांकनात १५० मीटरपर्यंत लांबीचा रस्ता ९ मीटर, आणि १५० ते ३०० मीटर लांबीचा रस्ता १२ मीटर रुंद सोडावा लागतो. लांबी मोजताना सर्वांत दूरच्या भूखंडापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतचे अंतर धरतात. नियमामागील विचार असा की, रस्ता जितका लांब तितकी त्यावर घरे अधिक, आणि घरे जितकी अधिक तितकी वर्दळ अधिक.

९ मीटर म्हणजे सुमारे ३० फूट. शेतकऱ्याला ही रुंदी फार वाटते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पाणंद असते. परंतु वस्तीतील रस्त्यावरून केवळ गाडी जात नाही. दोन मोटारी समोरासमोर आल्या तर सुटल्या पाहिजेत, आगीचा बंब आत जाऊन वळला पाहिजे, दोन्ही बाजूंस गटार बसले पाहिजे, विजेचे खांब, पाण्याची नळी व सांडपाण्याचा नळ यांना जागा हवी, आणि पायी चालणारास कडेने वाट हवी. हे सर्व १० फुटांच्या बोळीत मावत नाही. रस्ता एका टोकास बंद असेल तर गाडी वळविण्यास जागा ठेवावी लागते; त्यापेक्षा दोन रस्ते शेवटी एकमेकांस जोडावेत हे बरे.

जमीन ०.४ हेक्टर किंवा अधिक असेल तर एकूण क्षेत्राच्या १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मुलांना खेळण्यास, वृद्धांना बसण्यास व झाडांना वाढण्यास ही जागा असते. ती भूखंड म्हणून विकता येत नाही. २ हेक्टरांहून मोठ्या क्षेत्रात शाळा, दवाखाना यांसारख्या सोयींसाठी आणखी ५ टक्के जागा राखावी लागते.

एका हेक्टराचा हिशेब

उदाहरणादाखल १२५ मीटर लांब व ८० मीटर रुंद, म्हणजे बरोबर एक हेक्टराचे शेत घेऊ. त्याची ८० मीटरची बाजू सार्वजनिक रस्त्यास लागून आहे असे समजू.

या शेतात ९ मीटर रुंदीचे दोन रस्ते लांबीच्या दिशेने काढले व शेवटी ते ९ मीटर रुंदीच्याच आडव्या रस्त्याने जोडले, तर दोन रस्त्यांस २,२५० चौरस मीटर व जोडरस्त्यास २७९ चौरस मीटर, मिळून २,५२९ चौरस मीटर जमीन लागते. मोकळी जागा १० टक्के म्हणजे १,००० चौरस मीटर. उरली ६,४७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६४ गुंठे. भूखंडांच्या चार ओळी होतात, प्रत्येक भूखंडाची खोली १५.५ मीटर राहते, आणि सुमारे २०० चौरस मीटरचे तीस भूखंड पडतात. प्रत्येकास ९ मीटरचा रस्ता मिळतो.

आता हेच शेत परवानगीवाचून कापले, त्यात १० फुटांच्या म्हणजे ३ मीटरच्या दोन बोळी सोडल्या व मोकळी जागा मुळीच ठेवली नाही, तर बोळींस ७५० चौरस मीटर जाऊन ९,२५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९१ गुंठे विक्रीस मिळतात.

फरक २७ गुंठ्यांचा आहे. हाच तो मोह. दलाल शेतकऱ्यापुढे हाच आकडा ठेवतो. परंतु हिशेब येथे संपत नाही. मंजूर भूखंडास बेकायदेशीर तुकड्याच्या सुमारे दीडपट भाव मिळाला तर २७ गुंठ्यांची तूट भरून निघते. रस्ते, गटारे, पाणी व वीज यांचा खर्च त्यावर धरावा. मंजूर भूखंडावर बँक कर्ज देते व बांधकामाचा परवाना मिळतो, म्हणून त्याला खरा गिऱ्हाईक येतो. बेकायदेशीर तुकडा स्वस्तात विकावा लागतो, आणि विकल्यानंतरही तंटे मालकाच्या दारी येतात. सर्व भूखंड एकदम विकण्याची घाई नसेल, तर काही भूखंड मुलाबाळांसाठी राखून ठेवणे हे मंजूर रेखांकनातच शक्य होते.

गुंठ्या-गुंठ्याने विक्रीचे परिणाम

शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. शेत फायद्याने कसता यावे यासाठी किमान किती क्षेत्र हवे, ते या कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र म्हणून ठरविले जाते. २०२३ साली राज्यातील बहुतेक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागासाठी ते जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरविण्यात आले. याखेरीज कूळ व शेतजमीन अधिनियम, १९४८ अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. नोकरदाराने दोन गुंठे शेतजमीन घरासाठी घेतली, तर हे दोन्ही कायदे आड येतात.

यावर पळवाट म्हणून दहा-अकरा जण मिळून अकरा गुंठ्यांचे एकच खरेदीखत करतात व सातबारावर सर्वांची नावे सामाईक लावतात. कागदावर कोणाचा तुकडा कोठे हे कोठेच नसते. चतुःसीमा केवळ तोंडी असते. पुढे एकास विकावयाचे झाले किंवा एकाचा मृत्यू होऊन वारस आले, म्हणजे सर्वांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. बँक कर्ज देत नाही. जमिनीतील बोळ मूळ मालकाच्याच नावे राहते, आणि वीस वर्षांनी त्याचे वारस तिच्यावर हक्क सांगू लागतात. ज्याने आयुष्याची पुंजी घातली, त्याला स्वतःच्या घरी जाण्यास वाट उरत नाही.

अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा झाला. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांना तो लागू होता. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. २०२५ साली तुकडेबंदी कायद्यातही सुधारणा होऊन शहरी व निवासी विभागांतील जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची सोय झाली. या सवलतींनी जुन्या खरेदीदारांना दिलासा मिळतो हे खरे. परंतु सवलतीने कागद सुधारतो, बोळ रुंद होत नाही. व्यवहार नियमित झाला तरी बांधकामाचा परवाना हा वेगळा विषय राहतो. पुढे कधीतरी सवलत मिळेल या भरवशावर आज जमीन कापणे, किंवा तसा तुकडा घेणे, शहाणपणाचे नाही. परवानगीवाचून केलेला विकास १९६६ च्या अधिनियमाखाली दंड व कारावास या दोहोंस पात्र असा गुन्हा आहे.

ओढा आणि मागच्या शेताची वाट

भूखंड पाडताना दोन गोष्टींकडे बहुधा दुर्लक्ष होते, आणि त्यांचा त्रास भूखंड घेणाराइतकाच शेजारच्या शेतकऱ्यास होतो.

पहिली गोष्ट पाणी. उन्हाळ्यात ओढा कोरडा दिसतो. त्यात भराव घालून चार भूखंड अधिक काढण्याचा मोह होतो, किंवा ओढ्याच्या जागी दोन फुटी नळी टाकली जाते. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जुनी वाट शोधते. ती बंद असेल तर वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबून पीक सडते व खालच्या अंगास ते घरांत शिरते. शिवाय रानाचा रस्ता व छप्पर झाले म्हणजे पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी वाहू लागते. म्हणजे ओढ्यास पूर्वीपेक्षा जास्त जागा हवी असते, कमी नव्हे. ओढा, नाला यांचा प्रवाह रेखांकनात जसाच्या तसा दाखवावा व त्याच्या कडेने नियमाप्रमाणे अंतर सोडावे. नदीकाठी जलसंपदा खात्याने आखलेल्या पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत निवासी भूखंड पाडता येत नाहीत. निळ्या व लाल रेषांमधील जमिनीवर निर्बंध असतात.

दुसरी गोष्ट वाट. पुढच्या गटाचे भूखंड पडले की मागच्या गटाची बैलगाडीची वाट बंद होते. बांधावरून जाण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला असतो. प्लॉट घेणाऱ्यास तो ठाऊक नसतो. तो कुंपण घालतो आणि मागच्या शेतकऱ्याचा ऊस तोडणीला आला तरी गाडी आत जात नाही. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडविलेली वाट खुली करण्यासाठी, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली हद्दीवरून वाट मिळण्यासाठी, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. परंतु तंटा झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा, रेखांकन होत असतानाच अंतर्गत रस्ता मागच्या हद्दीपर्यंत नेऊन ठेवावा हे उत्तम. त्याने मागच्या शेतकऱ्यास वाट मिळते, आणि उद्या त्याच्याही जमिनीचे रेखांकन झाले तर दोन्ही वस्त्यांचे रस्ते सरळ जोडले जातात.

एकत्र येण्याचा मार्ग

एकेका गटाचे रेखांकन वेगळे झाले म्हणजे रस्ते गटाच्या हद्दीपाशी तुटतात व लहान शेतकऱ्याच्या जमिनीतील मोठा भाग रस्त्यातच जातो. अर्ध्या एकराचा शेतकरी एकटा असेल तर त्याच्या हाती फारसे उरत नाही. यावर नगररचना योजनेचा उपाय आहे. या योजनेत अनेकांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र धरून त्यांत रस्ते, मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयी आखतात आणि नंतर प्रत्येक मालकास, शक्य तो त्याच्या मूळ जागेजवळ, आकाराने लहान परंतु सरळ हद्दीचा व रस्त्यालगतचा अंतिम भूखंड परत देतात. किमतीतील फरक लवाद ठरवितो. मुंबईच्या उपनगरांत वांद्रे, सांताक्रुझ, विलेपार्ले येथे अशा योजनांनी भातखाचरांची वस्ती झाली. अलीकडे पुण्याजवळील माण-महाळुंगे येथे व पनवेलच्या परिसरातील नैना क्षेत्रात याच धर्तीच्या योजना हाती घेतल्या गेल्या आहेत.

शेतकऱ्यांनी आपण होऊन एकत्र येण्याचे उदाहरण पुण्याजवळ हडपसर येथील मगरपट्ट्याचे आहे. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या जवळजवळ ४०० एकर जमिनी तुकड्यांनी न विकता एकत्र केल्या, जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन कंपनी उभारली आणि २००० सालाच्या सुमारास नियोजित नगर वसविण्यास प्रारंभ केला. जमीन विकून पैसा संपविण्याऐवजी ते वाढत्या मिळकतीचे भागीदार राहिले. प्रत्येक गावी एवढे मोठे काम होणार नाही हे उघड आहे. परंतु एका शिवारातील चार-पाच शेजारी बांध विसरून एकच रेखांकन करू शकतात. तेवढ्यानेही रस्ते सरळ होतात, खर्च वाटला जातो व ओढ्याला जागा राहते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने वकिलाचे किंवा मोजणीदाराचे काम करावयाचे नाही. परंतु जमीन कापली जाण्यापूर्वी त्याचा शब्द शेतकऱ्यापर्यंत पोहोचला, तर पुष्कळ हानी टळेल. पुढील गोष्टी ग्रामसभेत व चावडीवर समजावून सांगाव्यात.

१. इसार घेण्यापूर्वी चालू सातबारा, फेरफार, मोजणीची नक्कल व झोन दाखला काढून पाहावा.

२. रेखांकनाची मंजुरी, तिचा क्रमांक, तारीख व शिक्क्याचा नकाशा पाहिल्याखेरीज भूखंड घेऊ नये. दलालाचा रंगीत नकाशा म्हणजे मंजूर नकाशा नव्हे.

३. ५०० चौरस मीटरांहून अधिक जमिनीवर आठांहून अधिक भूखंड विक्रीस काढावयाचे असल्यास, स्थावर संपदा अधिनियम, २०१६ खाली महारेराकडे नोंदणी आवश्यक असते. ती झाली आहे काय हे कोणासही महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते.

४. मुखत्यारपत्र लिहून देताना जपावे. दलालाच्या नावे सर्वाधिकार दिल्यास त्याने केलेल्या बेकायदेशीर विक्रीचे ओझे मालकावर येते.

५. घरातील सर्व हिस्सेदार, विशेषतः बहिणी व विधवा यांचे हक्क डावलून व्यवहार करू नये. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या सुधारणेने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. त्यांची सही नसलेले खरेदीखत पुढे न्यायालयात अडकते.

६. गावाचा ओढा, शिवरस्ता, पाणंद व गायरान यांची नोंद गाव नकाशावरून आधीच करून ठेवावी व नवे रेखांकन होताना ती संबंधित कार्यालयाच्या नजरेस आणावी.

शहर वाढणे कोणाच्या हातचे नाही, ते वाढणारच. त्याच्या वाटेवर असलेल्या शेतकऱ्याने जमीन विकावी की राखावी हाही ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु विकावयाचीच असेल तर ती अशा रीतीने विकावी की, घेणाऱ्याच्या घरापर्यंत वाट जाईल, मागच्या शेजाऱ्याची गाडी अडणार नाही, आणि पावसाचे पाणी आपल्या जुन्या वाटेने वाहून जाईल. रस्त्यासाठी सोडलेली जमीन वाया गेली असे वाटते. प्रत्यक्षात उरलेल्या जमिनीला मोल येते ते तिच्यामुळेच.